अण्णांच्या सतरा व्हीएचएस कॅसेट: साताऱ्यात डिजिटल करून घेतल्या, त्याचा अनुभव

अण्णांच्या सतरा व्हीएचएस कॅसेट होत्या. त्यांतल्या पंधरा आता हार्डडिस्कवर आहेत, दोन अजून दुकानातच आहेत. दुकान खालच्या रस्त्यावर, लाँड्रीशेजारच्या जिन्याने वर गेलं की पहिल्या मजल्यावर. मूळ धंदा लग्नाच्या शूटिंगचा आणि अल्बमचा. जुन्या कॅसेट डिजिटल करून मिळतील, अशी पाटी जिन्याच्या तोंडाशीच लावली आहे. मी तिथे एकच काम दोनदा करून घेतलं. पहिल्या वेळी हातात आलं ते बघून मला रात्रभर झोप लागली नाही. दुसऱ्या वेळचं काम इतकं छान झालंय की ओळखीच्या चार घरी मी स्वतः जाऊन सांगून आले. मशीन दोन्ही वेळी तेच होतं. बदललं ते माझं सांगणं. म्हणून सविस्तर लिहिते, कपाटात कॅसेट पडून असतील त्यांना उपयोग होईल.

अण्णा बांधकाम खात्यात होते. १९८८ साली, 'महाभारत' सुरू व्हायच्या दोन आठवडे आधी, त्यांनी ऑफिसच्या पतसंस्थेचं कर्ज काढून व्हीसीआर घेतला. २ ऑक्टोबरला पहिला भाग लागला, तेव्हा त्यांनी रेकॉर्डचं बटण कार्यक्रमाच्या पाच मिनिटं आधीच दाबून ठेवलं होतं. ती सवय शेवटपर्यंत राहिली. कार्यक्रम संपला तरी शेवटची पाटी जाईपर्यंत कुणी बटणाला हात लावायचा नाही. आई म्हणायची, टेप वाया जाते. अण्णा म्हणायचे, "कुणी केलंय ते आधी बघू दे." प्रत्येक कॅसेटच्या कडेला निळ्या शाईत कार्यक्रमाचं नाव, तारीख आणि त्याखाली एकच शब्द लिहिलेला आहे: पहिल्यापासून.

आमच्या घरातून अजिंक्यताऱ्यावरचा टीव्हीचा टॉवर दिसतो. तो व्हायच्या आधी लोक उंच काठीला अँटेना बांधून तिचं तोंड उत्तरेला, सिंहगडाकडे करायचे, कारण पुण्याचं प्रक्षेपण तिथून व्हायचं. इतक्या खटपटीने आलेलं चित्र अण्णांना पाहुण्यासारखं वाटायचं. दारापर्यंत जाऊन घ्यायचं आणि दारापर्यंत पोचवायचं.

आता पहिल्या वेळचं. काउंटरवर बावीस-तेवीस वर्षांचा मुलगा होता. बोलायला गोड, काकू-काकू करत त्याने सगळ्या कॅसेट उघडून बघितल्या. साताऱ्याच्या पावसात कॅसेटला काय होतं ते मला तिथेच कळलं: रिळाच्या कडेवर पांढरी पावडर धरली होती, ती बुरशी. तशी कॅसेट थेट मशीनमध्ये घातली तर टेप वाचणारं हेड खराब होतं आणि पुढच्या कॅसेटलाही लागण होते, म्हणून आधी वेगळ्या व्हीसीआरवर साफ करावी लागते. हे त्याने न विचारता सांगितलं, मला आवडलं. दर कॅसेटमागे ३५० रुपये, बुरशी असेल तर वर १५०. बारा दिवस लागतील म्हणाला आणि बाराव्या दिवशी फोन आला. इथपर्यंत काहीच तक्रार नाही.

संध्याकाळी पेनड्राइव्ह टीव्हीला लावला. 'महाभारत'चा भाग थेट दरबारातल्या संवादापासून सुरू झाला. प्रायोजकांची पाटी नाही, बी. आर. चोप्रांचं नाव नाही, महेंद्र कपूरांच्या आवाजातला श्लोक नाही. दुसरी फाइल प्रभातच्या एका चित्रपटाची, मुंबई दूरदर्शनवर लागला होता तेव्हाची. तीही नावांच्या दुसऱ्या पाटीपासून. तिसरी १९९९ सालची, अल्फा मराठी नुकतं सुरू झालं होतं तेव्हाची, एका मालिकेची. तिचं शीर्षकगीत गायब आणि वाहिनीची निशाणी, म्हणजे तिचं चिन्ह आणि धून, तीही गायब. शेवटही सगळे तसेच, शेवटचं वाक्य संपलं की काळोख.

मी दुसऱ्या दिवशी गेले तेव्हा तो मुलगा मनापासून म्हणाला, "काकू, पुढचं-मागचं फालतू असतं ते आम्ही काढून टाकतो. सगळे तेच सांगतात." त्याच्यावर मला रागावता आलं नाही. लग्नाच्या कॅसेटमध्ये पुढे दहा मिनिटं मंडपाचे खांब दिसतात, ते कुणाला हवे असतात? शिवाय तो ज्या पडद्यावर वाढला तिथे 'स्किप इंट्रो'चं बटणच असतं. नेटफ्लिक्सने ते २०१७ मध्ये आणलं. खरं तर नेटफ्लिक्सची स्वतःची निशाणी, तो दोन ठोक्यांचा आवाज, ध्वनिरचनाकार लॉन बेंडर यांनी लग्नाची अंगठी लाकडी कपाटावर आपटून त्यातून घडवलाय. दोन ठोक्यांसाठी माणसं एवढी मेहनत घेतात. मी त्याला हे सांगितलं, तेव्हा त्याने हातातलं काम ठेवलं आणि स्टूल पुढे ओढलं.

मी गाण्याचे वर्ग घेते, तीस वर्षं होत आली. त्यामुळे पुढचं-मागचं फालतू हे मला पटणारच नव्हतं. रागाचा आलाप कापून थेट द्रुत बंदिशीवर कुणी येत नाही. मुलांना शिवरंजनी शिकवायची असते तेव्हा पहिल्या दिवशी मी आकाशवाणीची धून वाजवते. १९३६ च्या सुमाराची ती रचना वॉल्टर कॉफमन यांची, बोहेमियातून (आताच्या चेक प्रजासत्ताकातून) आलेल्या ज्यू संगीतकाराची. नाझींमुळे त्यांनी युरोप सोडला, मुंबईत आले, आकाशवाणीत काम केलं, आणि आपल्या चार पिढ्यांची सकाळ त्यांच्या सुरांनी सुरू झाली. दूरदर्शनची धून पंडित रविशंकरांची, सोबत उस्ताद अली अहमद हुसेन खाँ यांची सनई. दूरदर्शन आकाशवाणीपासून वेगळं झालं तो दिवस १ एप्रिल १९७६, आणि त्याच दिवशी ही धून पहिल्यांदा वाजली. चिन्हाचं रेखाटन अहमदाबादच्या एनआयडी या डिझाइन शिकवणाऱ्या संस्थेतल्या देवाशिष भट्टाचार्य या विद्यार्थ्याचं, इंदिरा गांधींनी निवडलेलं. मग तिथल्याच मंडळींनी त्या आकृतीच्या प्रती काढून कॅमेऱ्याखाली फिरवून फिरवून ती हलती फिल्म केली. संगणक नाही, काही नाही. कागद, कॅमेरा आणि हात.

माझा धाकटा भाऊ चार वर्षांचा होता तेव्हा ती आकृती फिरायला लागली की उठून अण्णांच्या पाठीमागे लपायचा. धून संपली की बाहेर यायचा. आम्हाला वाटायचं हे आमच्याच घरात होतं. पुढे वाचनात आलं की अमेरिकेत स्क्रीन जेम्स या टीव्ही कंपनीची १९६५ सालची निशाणी, एरिक सिडे यांनी इलेक्ट्रॉनिक वाद्यावर केलेल्या सुरांची, तिथल्या एका पिढीला इतकी भ्यायला लावायची की तिचं नावच 'एस फ्रॉम हेल', नरकातला एस, पडलं. व्हायाकॉम या तिथल्याच दुसऱ्या कंपनीची १९७६ ची निशाणी 'व्ही ऑफ डूम', सर्वनाशाचा व्ही. त्यातलं 'व्ही' हे अक्षर अंधारातून अंगावर धावून येतं. मला त्या मुलांची भीती अगदी समजते. कार्यक्रमात माणसं असतात, गोष्ट असते. निशाणीत फक्त एक आकार असतो आणि एक आवाज, आणि तो आकार सरळ आपल्याकडेच येत असतो. घरात दिवा मंद असला की लहान मुलाला दुसरं काय वाटणार.

सगळ्याच निशाण्या भीतीच्या नसतात. अमेरिकेतल्या एनबीसी वाहिनीचे तीन ठोके आहेत, रेडिओच्या काळापासूनचे. हार्मोनियमची पांढरी एक सा धरली तर मंद्र पंचम, मग एकदम वर गंधार आणि खाली येऊन षड्जावर न्यास, म्हणजे विसावा. तीन सुरांत ठिकाण सोडलं, भटकून आले, घरी पोचले. अमेरिकेत निव्वळ आवाज म्हणून व्यापारचिन्हाची पहिली नोंद झाली ती याच सुरांची, १९५० साली. मी हे नव्या मुलांना पहिल्या महिन्यात गाऊन दाखवते, पंचम-गंधार-षड्ज ही उडी त्यामुळे पक्की बसते. आणि अमेरिकन अभिनेत्री मेरी टायलर मूर यांच्या एमटीएम कंपनीचं मांजराचं पिल्लू, एमजीएम या चित्रपट कंपनीच्या सिंहाच्या जागी बसून म्याव करणारं. त्याचा एक म्याव ऐकला तरी आपण कुणाच्या घरी आलोय हे कळतं.

आपल्याकडे तर तुतारी आहे. प्रभात फिल्म कंपनी १ जून १९२९ रोजी कोल्हापुरात निघाली, १९३३ मध्ये पुण्याला गेली. उगवतीकडे तोंड करून कमानदार तुतारी फुंकणारी ती बाई पडद्यावर आली की आमच्या घरात बोलणं थांबायचं. अण्णा पाय खाली सोडून ताठ बसायचे. त्यांच्या कॅसेटमधून नेमकी तीच बाई कापली गेली होती. मला झोप लागली नाही ती त्यामुळे.

मालकांना भेटायचं ठरवलं. पन्नाशीचे गृहस्थ, तरुणपणी पुण्यात एडिटिंग केलेले. मी म्हटलं, मला सगळं परत करून हवंय, पहिल्या सेकंदापासून शेवटच्या पाटीपर्यंत. ते म्हणाले, "ताई, तुम्ही म्हणताय तसं करून देतो, पण आधी मला दाखवा काय काय खटकलं." मग आम्ही तिघं बसलो. एका कॅसेटच्या मधोमध दूरदर्शनची धून आली होती, अण्णांनी रेकॉर्डिंग चालू ठेवलं होतं म्हणून. मधे असल्याने ती कापण्यातून वाचली होती. त्या दीड-दोन मिनिटांवरून मी त्यांना पुढचं सगळं दाखवलं.

पहिली गोष्ट आकाराची. दूरदर्शनचं चिन्ह स्थिर होतं तेव्हा त्याचा मधला भाग पूर्ण गोल असतो. यांच्या फाइलमध्ये तो आडवा फुगला होता. मी घरून स्टीलची आमटीची वाटी नेली होती. चिन्ह थांबवून वाटीचा काठ मॉनिटरला लावला. वर-खाली वाटी बरोबर बसली आणि दोन्ही बाजूंना चिन्ह बोटभर बाहेर राहिलं. जुना टीव्ही चारास तीन, आताचा सोळास नऊ. पडदा भरावा म्हणून त्यांनी चित्र ताणलं होतं. माणसांच्या चेहऱ्यावर हे चटकन कळत नाही, सगळे जरा जाड दिसतात इतकंच. गोलावर लगेच कळतं.

दुसरी गोष्ट कडांची. चिन्ह फिरताना त्याच्या वळणांना कंगव्यासारखे बारीक दात दिसत होते. मालकांनी लगेच ओळखलं. आपल्याकडच्या टीव्हीच्या पाल पद्धतीत सेकंदाला २५ चित्रं, पण प्रत्येक चित्र दोन अर्ध्यांत येतं: आधी एकाआड एक ओळी, मग राहिलेल्या. म्हणजे सेकंदाला ५० अर्धी चित्रं. ती दोन अर्धी नीट न सोडवता एकावर एक चिकटवली की हलणाऱ्या वस्तूला दात फुटतात. एक सेटिंग बदलायचं होतं, त्यांनी माझ्यासमोर बदललं, आणि ते चिन्ह लोण्यासारखं फिरायला लागलं.

तिसरी आवाजाची, आणि ती माझ्या दृष्टीने सर्वांत मोठी. खरखर जावी म्हणून त्यांनी आवाज साफ करणारा फिल्टर लावला होता. कार्यक्रमातल्या बोलण्याला त्याने काही बिघडलं नव्हतं. पण दूरदर्शनची धून हळू उगवते. फिल्टरला ती खरखर वाटली आणि त्याने तिची सुरुवात गिळली. सतारीचा सूर छेडल्यानंतर जो विरत जातो, तो मधेच कापल्यासारखा थांबत होता. मी डोळे मिटून ऐकायला सांगितलं, एकदा फाइल, एकदा थेट कॅसेट. तो मुलगा दुसऱ्यांदा ऐकताना म्हणाला, "काकू, कॅसेटमध्ये खरखर आहे पण मागे खोली आहे." मला असं नेमकं सांगता आलं नसतं.

एका बाबतीत मात्र मी चुकले होते. भावाची एक कार्टून नेटवर्कची कॅसेट होती, १९९५-९६ ची. केबलवर संध्याकाळी साडेपाचला कार्टून संपायची आणि त्याच जागी टीएनटी ही चित्रपटांची वाहिनी सुरू व्हायची तेव्हाची. तिच्यात कार्टूनच्या शेवटी हॅना-बार्बेरा या कार्टून कंपनीचा तो फिरत येणारा तारा आहे. ती निशाणी मी इंटरनेटवर अमेरिकेतली ऐकली होती, आणि यांच्या फाइलमधला सूर चढा लागत होता. हार्मोनियमवर लावून बघितलं: शेजारच्या पट्टीपर्यंत पोचत नव्हता, पण तिच्या बराच जवळ जात होता. मी म्हटलं, तुमचं मशीन जलद पळतंय. मालक हसले नाहीत की चिडले नाहीत. त्यांनी मूळ कॅसेट लावली, तिच्यातही सूर तितकाच चढा. मग समजावलं: कार्टून फिल्मवर केलेलं, सेकंदाला २४ चित्रं. आपला टीव्ही २५ चा. ती फिल्म २५ च्या चालीने सोडली की चित्रही चार टक्के जलद आणि सूरही तितकाच वर. अमेरिकेतल्या टीव्हीचं गणित जवळपास ३० चं आहे, तिथे मधली चित्रं पुन्हा वापरून भर घालतात, म्हणून मूळ सूर तसाच राहतो. माझ्या भावाने साताऱ्यात ऐकलेला तारा आणि तिथल्या मुलांनी ऐकलेला तारा वेगवेगळ्या पट्टीतले आहेत. मी मालकांना विचारलं, खाली उतरवून देता येईल का. ते म्हणाले, येईल, पण तुमच्या घरी वाजला तो हाच. मी तो तसाच ठेवला.

दुसऱ्या वेळी त्यांनी काहीही कापलं नाही. अगदी सुरुवातीच्या मुंग्यांपासून घेतलं. चित्राच्या तळाशी व्हीएचएसची जी वळवळणारी पट्टी असते तीही ठेवली, कारण ती झाकायला चित्र मोठं केलं की शेवटी वर सरकणारी नावं कडेने तुटतात. फाइल मोठ्या झाल्या, तासाला साडेतीन जीबीच्या पुढे, म्हणून पेनड्राइव्ह पुरला नाही आणि मी एक टीबीची हार्डडिस्क नेऊन दिली. दुसऱ्या वेळचे पैसे त्यांनी निम्मेच घेतले, मी पूर्ण देत असतानाही. मशीनबद्दल मी विचारलं तेव्हा कळलं की जगातल्या शेवटच्या व्हीसीआर कारखान्याने, जपानच्या फुनाई कंपनीने, जुलै २०१६ मध्ये उत्पादन थांबवलं. यांच्याकडे तीन व्हीसीआर आहेत, त्यातला एक सुट्या भागांसाठी उघडून ठेवलाय. हे काम करून घ्यायचं असेल तर लांबवू नका, मी एवढंच म्हणेन.

उणं काय, तेही सांगते. फोन उचलत नाहीत, लग्नसराईत तर अजिबातच नाही, प्रत्यक्ष जावं लागतं. जिना चढाचा आहे, कठडा एकाच बाजूला. माझ्या आईला वर नेता आलं नाही. एका कॅसेटचं पुठ्ठ्याचं कव्हर हरवलं, त्यावर अण्णांचं अक्षर होतं, ते परत मिळालं नाही. माफी मागितली, पण कव्हर गेलं ते गेलं. फाइलींना आधी नुसते आकडे दिले होते. नंतर मी म्हटल्यावर मुलाने प्रत्येक कॅसेटच्या कडेचा फोटो काढून त्या त्या फोल्डरमध्ये ठेवला, आता फोल्डर उघडला की निळ्या शाईतलं 'पहिल्यापासून' आधी दिसतं. फोटोची कल्पना त्याच्या स्वतःच्या डोक्यातली.

तुम्ही गेलात तर कॅसेट देतानाच एवढं कागदावर लिहून द्या: पुढचं-मागचं कापू नका, चित्र ताणू नका, आवाज साफ करू नका, ५० च्या हिशोबाने घ्या. आणि काम हातात आलं की आधी निशाण्या बघा. गोल गोल आहे का, फिरताना दात नाहीत ना, पहिला सूर पूर्ण उगवतो का. त्या बरोबर असल्या की आतला कार्यक्रम बरोबर असतोच. अल्फा मराठीचं नाव २००५ मध्ये झी मराठी झालं, ती जुनी निशाणी आता टीव्हीवर कुठे लागायची नाही. तुमच्या कपाटातल्या कॅसेटवर ती असेल.

आईला मी तुतारीची फाइल घरी लावून दाखवली. ती जपमाळ हातात घेऊन बसली होती. बाई उगवतीकडे वळून तुतारी ओठाला लावते तिथे आईने माळ मांडीवर ठेवली, आणि पाय खाली सोडून ताठ बसली.

बुरशीने जास्त खाल्लेल्या दोन कॅसेट अजून त्यांच्याकडे आहेत. एकीवर १९८९ ची तारीख आहे, नाव पुसलं गेलंय. पावसाळी हवेत उघडणार नाही, गणपती झाले की घेतो, असं मालक म्हणालेत.